विंडोजचे पैसे मशीनमध्ये घाला

प्रश्न: नमस्कार. मी नाशिकला सिडकोत राहते. आठ-दहा छोट्या दुकानदारांची हिशेबाची कामं घरी बसून करते. टॅली, जीएसटीचे रिटर्न, थोडंफार एक्सेल. घरचा लॅपटॉप आता उघडायलाच दहा मिनिटं घेतो, म्हणून सेकंडहँड डेस्कटॉप घ्यायचं ठरवलंय. कॅनडा कॉर्नरकडच्या एका दुकानात दोन मशीन दाखवली, दोन्ही डेलची, ऑफिसातून निघालेली. एक आय-५ सहाव्या जनरेशनचं, नऊ हजाराला. दुसरं आय-५ आठव्या जनरेशनचं, चौदा हजाराला. हजार रुपये ॲडव्हान्स देऊन आले आहे. दुकानदार म्हणाला, "पाचशे रुपयांत ओरिजिनल विंडोज ११ टाकून देतो, लाइफटाइम." नेटवर बघितलं तर कुणी सातशेला प्रॉडक्ट की (विंडोज चालू करायचा पंचवीस अक्षरांचा नंबर) विकतंय, आणि मायक्रोसॉफ्टकडे तीच गोष्ट दहा हजारांच्या पुढे. माझे दीर म्हणतात, "वहिनी, ॲक्टिव्हेट झालं म्हणजे ओरिजिनलच, उगाच पैसे घालवू नका." मला चोरीचं काही वापरायचं नाही, पण मशीनच्या किमतीएवढं विंडोज घेणंही परवडत नाही. स्वस्तात मिळणारं खरं लायसन्स कुठलं? शिवाय मुलगा नववीत आहे, जुन्या लॅपटॉपचं त्याच्यासाठी काही करता येईल का?
– एक वाचक, सिडको

उत्तर: ताई, आधी निकाल सांगतो, कारणं मागून. दुकानदाराचं पाचशेचं विंडोज घेऊ नका, नेटवरची सातशेची की घेऊ नका, आणि मायक्रोसॉफ्टचं दहा हजारांचंही घेऊ नका. नऊ हजारांचं मशीन सोडून द्या. चौदा हजारांचं घ्या, पण त्याच्या पोटात आधीपासूनच खरं विंडोज आहे याची खात्री करून. बहुतेक असतंच.

तुम्ही पाहिलेली ही मशीन येतात कुठून, ते बघा. मुंबई-पुण्याची मोठी ऑफिसं, बँका, आपल्याकडच्या सातपूर-अंबडच्या कंपन्या तीन-चार वर्षांनी संगणक एकगठ्ठा बदलतात. जुने लॉटमध्ये विकले जातात, व्यापारी ते पुसून, रॅम वाढवून दुकानात लावतो. ही मशीन कंपनीने नवी घेतली तेव्हा डेल, एचपी, लेनोवो यांनी त्यात बहुधा विंडोज प्रो, म्हणजे ऑफिसांसाठीची आवृत्ती, भरूनच दिलेलं असतं, आणि त्याचे पैसे मशीनच्या किमतीत आलेले असतात. या लायसन्सला ओईएम म्हणतात. ते त्या कंपनीच्या किंवा माणसाच्या नावाला चिकटलेलं नसतं, मशीनला चिकटलेलं असतं. मशीन विकलं की तेही सोबत जातं. दुसऱ्या मशीनवर मात्र नेता येत नाही.

विंडोज ७ च्या काळात या लायसन्सचा पुरावा म्हणजे डब्याच्या कडेला लावलेलं स्टिकर. ते घासून जायचं, फाटायचं, कधी कुणी खरवडून दुसरीकडे लावायचं. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून मोठ्या कंपन्यांनी प्रॉडक्ट की थेट मदरबोर्डवरच्या चिपमध्ये घालायला सुरुवात केली. त्यामुळे हार्ड डिस्क फॉरमॅट केली, बदलली, फेकून दिली, तरी की जागच्या जागी राहते. नवं विंडोज टाकताना सेटअप ती स्वतः वाचतो, प्रो की होम हेसुद्धा स्वतः ठरवतो, आणि नेट जोडलं की ॲक्टिव्हेट होतो. तुम्हाला पंचवीस अक्षरं कुठे टाकावीही लागत नाहीत.

आता गंमत बघा. व्यापाऱ्याकडे एका वेळी वीस मशीन येतात. प्रत्येकावर वेगळं विंडोज टाकत बसायला त्याला वेळ नसतो. तो एकच तयार प्रत सगळ्या डिस्कवर उतरवतो, आणि त्या प्रतीत क्रॅक, म्हणजे लायसन्सची तपासणी फसवणारा चोरटा प्रोग्रॅम, आधीच मारलेला असतो. म्हणजे ज्या मशीनला हक्काचं लायसन्स आहे, त्याच मशीनवर चोरीचं विंडोज चालत राहतं, आणि गिऱ्हाइकाकडून त्याचेच पाचशे रुपये घेतले जातात. हसावं की कपाळावर हात मारावा, कळत नाही. तुमचा दुकानदार लबाडच असेल असं मी म्हणत नाही. बऱ्याच जणांना चिपमधल्या कीचं खरंच माहीत नसतं.

मग नऊ हजारांचं मशीन का नको? त्याच्या पोटातही की असेलच ना? असेल, पण ते मशीन अधिकृतपणे विंडोज १० पर्यंतच जातं, आणि विंडोज १० चे दिवस भरलेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा सपोर्ट थांबवला. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेट देण्याची सोय त्यांनी ठेवली, पण ती मुदतवाढ आहे, उपाय नव्हे. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठव्या जनरेशनपासूनची चिप, म्हणजे प्रोसेसर, लागते आणि टीपीएम २.० ही मशीनमधली सुरक्षेची सोय लागते. सहाव्या जनरेशनला ते अधिकृतपणे चालत नाही. दुकानदार म्हणेल, टाकून देतो. टाकता येतं, खरंय. तपासणी चुकवायच्या युक्त्या सगळ्यांना माहीत आहेत. पण असं टाकलेल्या मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. मुलाच्या गेमसाठी असतं तर मी म्हटलं असतं, टाका. मार्चएंडला दहा दुकानदारांचे हिशेब ज्यावर बसणार, त्या मशीनवर असला खेळ नको.

जनरेशन दुकानदाराच्या तोंडून ऐकू नका, स्वतः वाचा. स्क्रीनवर "धिस पीसी"वर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. आय-५ च्या पुढे चार आकडे दिसतील. ६५०० असेल तर सहावी, ८५०० असेल तर आठवी. पहिला आकडाच बोलतो. दोन मशीनमधला पाच हजारांचा फरक तुम्हाला महाग वाटत असेल, पण त्या पाच हजारांत वेगवान मशीन, पुढची काही वर्षं आणि चालू विंडोजचं लायसन्स एवढं सगळं येतंय. लायसन्ससाठी बाजूला काढलेले पैसे तिथे घाला.

आता तपासायचं कसं. डेलच्या डब्यावर, मागे किंवा बाजूला, सर्व्हिस टॅग लिहिलेला छोटा पट्टा असतो. सात इंग्रजी अक्षरं-आकडे. मोबाइलवर त्याचा फोटो काढा आणि घरी या. डेलच्या सपोर्टच्या वेबसाइटवर तो टॅग टाकला की ते मशीन कारखान्यातून निघताना त्यात काय काय होतं याची यादी उघडते, प्रोसेसर, रॅम, डिस्क, सगळं. त्या लांबलचक इंग्रजी यादीत विंडोज १० प्रो किंवा ११ प्रो अशी ओळ दिसली की अर्धं काम झालं. विंडोज १० ची की असली तरी घाबरू नका, आठव्या जनरेशनवर ती विंडोज ११ ला चालते. यादीत विंडोजऐवजी उबुंटू किंवा लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली) लिहिलेलं असेल, तर मात्र त्या मशीनला विंडोजचं लायसन्स कधी नव्हतंच, आणि दुकानदाराचं ओरिजिनल आलं कुठून हे तुम्ही समजून जा.

उरलेलं अर्धं काम दुकानात, मशीन चालू करून. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, डाव्या कोपऱ्यात एक चौकट उघडेल. तिच्यात इंग्रजीत एस, एल, एम, जी, आर ही पाच अक्षरं सलग, मग एक जागा सोडून तिरकी रेघ (/), आणि तिला लागून डी, एल, आय. एंटर मारा. पाच-दहा सेकंदांनी एक छोटी खिडकी येईल. दुसऱ्या ओळीत, डिस्क्रिप्शनच्या पुढे, शेवटी "चॅनल" शब्द असेल. त्याच्या आधी काय लिहिलंय तेवढं बघायचं. ओईएम-डीएम असेल तर उत्तम, चिपमधलीच की वापरली आहे. व्हॉल्यूम आणि केएमएस असं काही असेल, तर हे घरगुती विंडोजच नाही. हे मोठ्या संस्थांसाठीचं आहे, जे संस्थेच्या सर्व्हरला दर १८० दिवसांच्या आत हजेरी देतं. तुमच्या घरात असा सर्व्हर नाही, म्हणजे कुठल्यातरी क्रॅकने खोटा सर्व्हर उभा केलाय. रिटेल, म्हणजे सुटं विकलं जाणारं, असं लिहिलं असेल तर गोष्ट थोडी अवघड. ते रीतसर अपग्रेडनेही येतं आणि हुशारीने केलेल्या क्रॅकनेही. तिथे खिडकीवर विसंबू नका, सर्व्हिस टॅगची यादी काय म्हणते ते धरा.

दुकानदाराने चुकीचं टाकलं असेल तरी बिघडलं काही नाही. तुमच्या दिरांना कामाला लावा. आठ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्यायचा, मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या वेबसाइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवून त्याने तो पेन ड्राइव्ह तयार करायचा, आणि त्यातून डिस्क पूर्ण पुसून नवं विंडोज ११ टाकायचं. फुकट आहे. की विचारलीच, तर "माझ्याकडे की नाही" म्हणून पुढे जायचं आणि प्रो निवडायचं. चुकून होम टाकलंत तर प्रोची की जुळणार नाही आणि तुम्ही मला शिव्या घालाल.

हे नव्याने टाकणं दुकानातच, पैसे पुरते देण्याआधी झालं तर फार बरं. कारण कधी कधी सेटअपच्या मध्येच एखाद्या कंपनीचं नाव झळकतं आणि तिथल्या ऑफिसचा ईमेल-पासवर्ड मागितला जातो. म्हणजे त्या कंपनीने मशीन आपल्या यादीतून अजून काढलेलं नाही. तसं दिसलं तर विषय संपला, दुसरं मशीन मागा. सुरुवातीलाच, मशीन सुरू होताना, बायोसचा, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगचा, पासवर्ड मागितला तरी तेच.

दिरांचं म्हणणं खोडायचं तर असं. आपल्या जिल्ह्यात जमिनीवर कब्जा असणं आणि सातबाऱ्यावर नाव असणं यातला फरक कुणाला समजवावा लागत नाही. ॲक्टिव्हेट होणं हा कब्जा आहे. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरने तो पंचवीस अक्षरांचा नंबर त्या क्षणी स्वीकारला, एवढाच त्याचा अर्थ. नंबर विकायचा हक्क विकणाऱ्याला होता का, वापरायचा हक्क तुम्हाला मिळाला का, हे सर्व्हर विचारत नाही. निदान त्या दिवशी विचारत नाही.

सातशेच्या की येतात त्या अशाच वाटांनी. एखाद्या संस्थेला शेकडो मशीनसाठी मिळालेली एकच की कुणीतरी बाहेर आणून सुटी-सुटी विकतो. प्रोग्रॅमरना चाचणीसाठी दिलेल्या की असतात. भंगारात गेलेल्या मशीनवरून उतरवलेल्या असतात. काही चोरलेल्या क्रेडिट कार्डावर घेतलेल्या. संस्थेच्या कीला ठरावीक वेळाच ॲक्टिव्हेट होण्याची मर्यादा असते. ती संपली किंवा मायक्रोसॉफ्टने की बंद केली, की तुमच्या स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात "ॲक्टिव्हेट विंडोज" असं फिकट अक्षरांत येऊन बसतं आणि विकणारा फोन उचलत नाही. मोठ्या शॉपिंग साइटवर मिळाली म्हणून ती खरी, असंही नाही. तिथे माल साइटचा नसतो, कुणातरी विक्रेत्याचा असतो. वापरलेलं लायसन्स पुन्हा विकता येतं, असं सांगत काही विक्रेते युरोपातल्या कोर्टाचा दाखला देतात. तो निकाल खरा आहे, ३ जुलै २०१२ चा. पण तो युरोपियन युनियनपुरता आहे, आणि त्यातही मूळ मालकाने आपल्याकडची प्रत वापरण्याजोगी ठेवायची नाही अशी अट आहे. एकच की शंभर जणांना विकणाऱ्याला त्याचा काडीचा आधार नाही.

तरीही सातशेच्या कीमध्ये जाऊन जाऊन सातशे रुपयेच जातात. मला खरी काळजी त्या पाचशेच्या "टाकून देतो"ची आहे. क्रॅक मारताना पहिली गोष्ट काय करतात माहीत आहे? अँटिव्हायरस बंद करतात. नाही केला तर तो क्रॅकला पकडतो. मग क्रॅकला मशीनचे सगळे अधिकार दिले जातात, आणि पुढे अँटिव्हायरसने त्याच्याकडे बघू नये म्हणून त्याला कायमची सूट दिली जाते. हे क्रॅक बनवणारा कोण, कुठला, कुणाला ठाऊक नसतं. अशाच नावाजलेल्या क्रॅकच्या नावाखाली पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम पसरवल्याचं पुन्हा पुन्हा उघडकीला आलंय. तुमच्या मशीनवर काय काय असणार, मोजून बघा. आठ-दहा दुकानदारांचे जीएसटीचे लॉगिन, त्यांचे पॅन, बँकेची स्टेटमेंट, एखाद्याची डिजिटल सहीसुद्धा. दुकानदार विश्वासाने एका वहीत लिहून देतात आणि आपण ते ब्राउझरमध्ये सेव्ह करून ठेवतो. उद्या त्यातल्या एकाच्या खात्यावरून भलतंच काही झालं, तर तो विंडोजला विचारायला जाणार नाही, तुमच्या दारात येईल.

कायद्याचंही एकदा सांगून टाकतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ६३ ब नेमकं यासाठीच आहे. संगणकाचा प्रोग्रॅम चोरीचा आहे हे माहीत असून वापरला, तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी किंवा कमाईसाठी वापर नसेल तर कोर्ट कैद माफ करून पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. तुमचा वापर कमाईसाठी आहे, तेव्हा ती सवलत तुम्हाला लागू नाही. सिडकोत घरोघरी फिरून कुणी विंडोज तपासायला येणार नाही, हे मलाही कळतं. पण तुम्ही स्वतःच लिहिलंय की चोरीचं नको, म्हणून सांगितलं.

समजा चौदा हजारांच्या मशीनमध्ये की निघालीच नाही. मदरबोर्ड बदललेला असू शकतो. तर पहिला पर्याय म्हणजे तसलंच दुसरं मशीन बघा, नाशिकमध्ये त्यांचा तुटवडा नाही. दुसरा, मायक्रोसॉफ्टचे अधिकृत रिफर्बिशर असतात. ते जुनं मशीन दुरुस्त करून त्यावर खास रिफर्बिश्ड पीसीसाठीचं विंडोज भरून, त्याचं स्टिकर लावून विकतात. हे लायसन्स नव्या विंडोजपेक्षा स्वस्त पडतं, पण ते मशीनसोबतच येतं. कुणी तुम्हाला नुसतं स्टिकर पाकिटात घालून विकायला लागलं तर घेऊ नका. रिटेल विंडोज, ते दहा हजारांच्या पुढचं, एकाच परिस्थितीत घेण्यासारखं आहे. तुम्ही असेंबल केलेलं मशीन वापरता आणि दर थोड्या वर्षांनी त्याचं आतलं सामान बदलता. कारण ते एका मशीनवरून काढून दुसऱ्यावर नेता येतं. तुमचं तसं काही दिसत नाही.

आणि फुकटचं? लिनक्स मिंट आहे, चांगलं आहे, खरोखर फुकट आहे. पण टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे, आणि डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर लिनक्सवर बसवताना डोक्याला ताप होतो. तुमच्या कामाच्या मशीनवर मी ते सुचवणार नाही. मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर मात्र जरूर टाका. लिनक्स मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. अभ्यास, यूट्यूब, प्रोजेक्ट, मराठी टायपिंग, सगळं त्यावर होतं. इनस्क्रिप्टचा कीबोर्ड आतच असतो. आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता, तेव्हा रविवारी मुलालाच करू द्या. लॅपटॉपमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, घाला. ती दहा मिनिटं बहुतेक जुन्या डिस्कमुळेच लागत असणार.

एक्सेलचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण दुकानदार विंडोजसोबत "ऑफिस पण टाकलंय" म्हणेल. ते काढायला सांगा. विंडोजच्या ओईएम लायसन्समध्ये ऑफिस, म्हणजे एक्सेल-वर्डचा संच, येत नाही. लिबर ऑफिस फुकट आहे आणि तुमच्या कामाला बहुधा पुरेल. नाहीच पुरलं, तर ऑफिसचे पैसे खर्च करण्यासारखे आहेत, कारण तुम्ही रोज त्यावर कमावता. टॅलीचं लायसन्सही वेगळं, तेही विसरू नका.

दुकानदाराशी भांडायची गरज नाही. जाऊन एवढंच म्हणा, "भाऊ, मला आठव्या जनरेशनचं द्या, विंडोज मी टाकून घेईन, ते पाचशे लावू नका. आणि बिलावर सर्व्हिस टॅग आणि विंडोज प्रो ओईएम असं लिहून द्या." पक्कं बिल, जीएसटी नंबरासकट. हे काम तुमचंच आहे, तुम्हाला मी काय सांगावं. लिहून द्यायला तो का-कू करायला लागला तर ॲडव्हान्सचे हजार परत मागा, आणि नाहीच दिले तर त्या हजारांसाठी चुकीचं मशीन घरी आणू नका.

मशीन घेऊन विंडोजचे जे पैसे उरतील, त्यातून एक छोटा यूपीएस घ्या. पावसाळ्यात सिडकोत लाइट कशी जाते-येते ते तुम्हाला माहीत आहे, आणि टॅली उघडं असताना लाइट गेली की डेटा बिघडायला वेळ लागत नाही.